बिननावाच्या नदीची ओटी

शनिवार, १० ऑक्टोबर २०२०

पोचलो बाई एकदाचे! नास गावातल्या त्या काडेपेटीएवढ्या फ्लॅटमधून सकाळी निघालो ते दुपारी इथे. मागच्या सीटवर कुकर, मिक्सर आणि देव्हारा, माझ्या मांडीवर तुळशीची कुंडी. माझा नवरा, डॉक्टर हृषीकेश, सोमवारी लेटरकेनीच्या हॉस्पिटलात रुजू होतोय. शहरात घर मिळालं नाही, म्हणून हे पंचवीस मिनिटांवरचं, जंगलाच्या पोटातलं. मी तोंड वाकडं करायची सगळी तयारी करून आले होते, पण घर बघितलं आणि गप्पच बसले. पांढरं, बुटकं, लाल दाराचं. स्वयंपाकघरात इतके प्रेस, इथल्या इंग्रजीत कपाटांना असं म्हणतात, की माझे सगळे डबे लावूनही चार रिकामे राहिले. हृषी म्हणाला, काय मग मॅडम, ग्रँड ना? मी म्हटलं, आधी चहा कर, मग सांगते.

मागच्या खिडकीतून समोर गवत, मग एक छोटीशी नदी, आणि पलीकडे स्प्रूसची काळीकुट्ट झाडी. पाण्याचा आवाज घरात येतो. मला आवडला.

ही वही ज्यासाठी आणली तेही लिहिते. नववा आठवडा चालू आहे. आधी दोनदा, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात, हातातोंडाशी आलेला घास गेला. या वेळी सासूबाई सोडून कुणालाही सांगितलेलं नाही. हे बाळ राहू दे, बाकी मला काही नको.

बुधवार, १४ ऑक्टोबर

माझं काम नकाशांचं. पूर कुठवर येईल हे काढण्यासाठी लहान नद्यांची मापं कंपनीला हवी असतात. बॉसला म्हटलं, माझ्या परसातच एक आहे, ती मलाच द्या. लगेच दिली.

तर ही नदी. लांबी सात किलोमीटर. वरच्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या मातीच्या, दलदलीत एक तळं आहे, तिथे उगम. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण ओंजळीत घेतलं की स्वच्छ. तळाला गोल करडे गोटे, काठाला आल्डरची झाडं. आमच्या दारावरून पुढे लहानशा दगडी पुलाखालून जाते आणि शेवटी खाडीला मिळते. नकाशावर नाव नाही, नुसता नंबर. आमच्याकडे ओढ्यालासुद्धा नाव असतं! मी तिचं नाव ‘बाई’ ठेवलं, वाईत कृष्णेला कृष्णाबाई म्हणतात तसं.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाही. नदी जवळजवळ सरळ वाहते आणि मधेच तीन ठिकाणी भलतंच वळण घेते. तिन्ही वळणं एकाच बाजूला फुगलेली. उतार पाहिला, खडक पाहिला, माती पाहिली. वळायचं काही कारण नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर

आज काठावर खुंटी ठोकली. लाल रिबीन बांधलेली, आल्डरच्या एका तोडलेल्या खुंटाला चिकटून, घरापासून एकेचाळीस मीटरवर. दर रविवारी खुंटीपासून पाण्यापर्यंत टेप धरायची आणि आकडा लिहायचा. आजचा आकडा तीन मीटर. आमच्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे खुंटीवर विश्वास ठेवायचा, बाकी सगळं हलतं.

पुलापलीकडे ब्रायडी राहते. सत्तरीची, एकटी, तीन मेंढ्या आणि एक म्हातारं कुत्रं. कोविडमुळे दोन मीटर लांबून, फाटकाआडून गप्पा मारल्या. मी नदीचं नाव विचारलं तर म्हणाली, आम्ही तिला नुसतं ‘हर्सेल्फ’ म्हणतो. इथे घरच्या मालकिणीला असं म्हणतात, हृषीने सांगितलं. मी काठावर काय करते हे तिने तीनदा विचारलं. भोचकच आहे जरा.

शनिवार, २४ ऑक्टोबर

अष्टमी. सासूबाईंचा नाशिकहून फोन. म्हणाल्या, तिथे देऊळ नाही तर नसू दे, वाहतं पाणी म्हणजे देवीच, जा आणि तिची ओटी भर, बाळासाठी. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, कुणाच्या घरी जायला बंदी, सणाला एक माणूस नाही. म्हटलं, चला, नदी तर नदी.

ताम्हनात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ, सुपारी आणि सासूबाईंनी दिलेला हिरवा खण. काठावरच्या गोट्याला कुंकू लावलं. पाच ओंजळी तांदूळ सोडले, नारळ सोडला. खण मात्र नुसता दाखवून परत आणला. नद्यांचे नकाशे करणारी मी, पाण्यात कापड टाकू? ज्या बाईची ओटी भरतो, तिने त्यातलं थोडं आपल्याला परत द्यायचं असतं. मग हसत हसत मोठ्याने सांगितलं, बाई गं, रिवाज लक्षात ठेव, ओटी घेतली की चार दाणे परत द्यावे लागतात. आणि मीच चार दाणे उचलून घेतले.

निघताना सवयीने ‘येते गं’ म्हटलं. आणि काय वाटलं कोण जाणे, पुढे म्हणाले, संक्रांतीला ये हळदीकुंकवाला, तुझ्याशिवाय आहे कोण मला इथे. घरी येऊन थोडी रडले. बाळामुळे हल्ली उगाचच रडू येतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरून, चार तांदूळ. फुगलेले, ओले. पक्ष्यांनी आणले म्हणावं तर पक्ष्यांनी खाल्ले असते. हृषीला म्हटलं, ही असली चेष्टा मला आवडत नाही. तो शपथेवर नाही म्हणाला. शपथ फारच पटकन घेतली.

खुंटी ते पाणी, तीन मीटर.

रविवार, २९ नोव्हेंबर

सोळावा आठवडा! तिसरा महिना पार. स्कॅनमध्ये बाळाने चक्क हात हलवला. हृषी कॉरिडॉरमध्ये मास्कआड रडला आणि डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाला. सासूबाईंच्या मते हे सगळं नदीचं देणं आहे. मीही आज काठावर जाऊन दोन्ही हात जोडले.

फक्त एक. गेले दोन आठवडे धो धो पाऊस आहे. पुलाखाली पाणी हातभर चढलंय. आणि माझा आकडा तीन मीटर, दर रविवारी तीन मीटर. इतकी शहाणी नदी मी नऊ वर्षांत पाहिलेली नाही. मनात पाल चुकचुकली. शिवाय आवाजही मोठा वाटतो. हृषी म्हणतो, पानगळ झाली, झुडपं उघडी पडली, म्हणून.

शनिवार, १२ डिसेंबर

आज जुने नकाशे उघडले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, मग शंभर वर्षांपूर्वीचा, मग पन्नासेक, मग आताचा. एकावर एक ठेवले.

सगळ्यात जुन्या नकाशात नदी सुतासारखी सरळ आहे. एकही वळण नाही. आणि आता जिथे जिथे वळण आहे, तिथे त्या नकाशात एक छोटा काळा चौकोन आहे. चौकोन म्हणजे घर.

पुढच्या नकाशात पहिलं वळण आहे, पहिलं घर नाही. त्याच्या पुढच्यात दुसरं. मग तिसरं. घरं काठापासून बरीच लांब होती, चाळीस-पन्नास मीटर. नदी घरापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

आमचं घर सरळ भागावर आहे. अजून.

सोमवार, २८ डिसेंबर

ब्रायडीच्या फाटकाशी फ्रूट केक घ्यायला गेले. ती भिंतीवर ठेवून मागे सरकली. माझ्या कोटातून आता पोट दिसतं. तिने पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. विचारलं, हर्सेल्फला तू काही दिलंस का? मी म्हटलं, नाही. मग विचारलं, घरात ये म्हणालीस का? मी पुन्हा नाही म्हटलं. खोटं का बोलले? शाळेत मास्तरांनी उभं केल्यावर बोलतो ना, तसं तोंडातून निघून गेलं.

तिने आत बोलावलं नाही, ते नियमाने ठीक. पण मी पूल ओलांडेपर्यंत ती बघत उभी होती. हिला काहीतरी ठाऊक आहे. हृषीलाही आहे. तो हल्ली शनिवारी पहाटे उठतो आणि बूट धुऊन ठेवतो. बाहेर गेलास का विचारलं तर नाही म्हणतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, १४ जानेवारी २०२१

संक्रांत. तिळगूळ केला, पाक बिघडला, खलबत्त्यात फोडून खाल्ला. व्हिडिओवर सासूबाईंनी विचारलं, हळदीकुंकवाला कोणाला बोलावणार? म्हटलं, इथे कोण येतंय. म्हणाल्या, रथसप्तमीपर्यंत कधीही कर, महिनाभर असतो. आणि बोलावलेली सवाष्ण दारातून परत पाठवू नये हं.

तेव्हा आठवलं, मी कुणाला बोलावलंय ते.

दुपारी मागच्या पायरीवर नारळ होता. अख्खा, शेवाळलेला. शेंडीखाली कुंकू तसंच.

रविवार, ३१ जानेवारी

बाळ सारखं लाथा मारतं. नदीकडे पाठ करून बसले की जास्त.

प्रेसमधला हिरवा खण काढला. ओला. बाकीच्या साड्या कोरड्या, मधला खणच ओला, आणि वास पीटचा. नळाचं पाणीही चहासारखं येतंय. मालकाला ऑस्ट्रेलियात ईमेल केली. घर भाड्याने दिलं तेव्हा नदी तिथे होती का, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

खुंटी ते पाणी, तीन मीटर. मला आता या आकड्याची चीड येते.

रविवार, ७ फेब्रुवारी

कळलं.

टेप धरायला वाकले आणि खुंटीशेजारी आल्डरचा खुंट नव्हता. उभी राहून शोधला. तो नदीच्या मधोमध होता. वरून पाणी जात होतं.

मग खुंटीपासून घरापर्यंत टेप टाकली. चौदा मीटर.

हृषीला तिथेच, चिखलात उभं करून विचारलं. आधी म्हणाला, मी चुकीचं मोजतेय. मग रडायला लागला. नोव्हेंबरपासून दर शनिवारी पहाटे तो खुंटी उपटून मागे ठोकत होता, तीन मीटर मोजून. माझं बीपी वाढू नये म्हणून! हिवाळ्याचा पूर आहे, काठ ढासळतोय, उतरेल, असं त्याला वाटलं. आधीच्या दोन वेळा मी कशी झाले होते ते त्याने पाहिलंय, तिसऱ्यांदा बघवणार नाही म्हणाला. मी त्याच्यावर इतकी ओरडले की ब्रायडीचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि त्याचं प्रेमही कळलं, मेल्याचं.

मग तो हळूच म्हणाला की गेले तीन शनिवार त्याने खुंटीला हात लावलेला नाही. तो जायच्या आधीच ती हललेली असते. बरोबर तीन मीटर.

त्याने शहरात फ्लॅट शोधला. शनिवारी, वीस तारखेला चावी मिळेल. तेरा दिवस. मोजून तेरा दिवस काढायचे आहेत.

रविवार, १४ फेब्रुवारी

हृषीच्या वॉर्डात कोविड. त्याला हॉस्पिटलनेच शहरातल्या खोलीत वेगळं ठेवलंय, शनिवारपर्यंत. गाडी त्याच्याकडे. माझ्याकडे शिकाऊ परवाना, आणि ड्रायव्हिंग टेस्ट बंद. तो म्हणाला, टॅक्सी पाठवतो, आजच निघ. टॅक्सी आली. पुलावर गुडघाभर पाणी. ड्रायव्हरने पलीकडून हात हलवला आणि मागे गेला. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, रस्ता बंद केला. त्यांना फोन केला तर म्हणाले, घरात पाणी आलंय का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग घरातच थांबा, तेच सुरक्षित.

घर ते पाणी, आठ मीटर. आता मी थेट घरापासून मोजते.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

ब्रायडीला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. ती उठून आपलं दार लावून आली. मग म्हणाली, त्या तीन घरांतल्या तिन्ही बायका अशाच होत्या. एकट्या, पोटुशा. कुणी काठावर गाणं म्हणायची, कुणी दुधाचा थेंब टाकायची. आणि कधीतरी सहज म्हणून गेल्या, ये घरात. त्या बायका वाचल्या. पण तिन्ही घरांत पाळणा हलला नाही.

दार उघडू नकोस, म्हणाली. काही देऊ नकोस, तिच्याकडून काही घेऊ नकोस.

सासूबाईंना विचारलं. त्या घाबरल्या. तरी म्हणाल्या, आलेल्या सवाष्णीला विन्मुख पाठवलंस तर बाळाला शाप लागेल गं.

कुणाचं ऐकू?

पाच मीटर.

बुधवार, १७ फेब्रुवारी

पाऊस थांबलाय. ऊन आहे. पाणी उतरायला हवं. साडेतीन.

माझ्याकडे येताना वळते. बाकीची सरळ. खिडकीतून स्पष्ट दिसतं. चौथं वळण.

हृषी दर तासाला फोन करतो. मी ग्रँड म्हणते, सगळं ठीक आहे म्हणून. तो रडतो. मीच समजावते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

ठरवलं. दार उघडणार नाही. देणार नाही, घेणार नाही. हळदीकुंकवाचा करंडा संदुकीत, वर कुलूप. तांदळाचा डबा माळ्यावर. आमंत्रण मोडलं तर मोडलं, शाप मला लागू दे, बाळाला नको. मोठ्याने म्हटलं, खिडकीशी उभी राहून — बाई, हळदीकुंकू नाही यंदा. येऊ नकोस. हात जोडते.

आवाज थांबला. नदीचा. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बाळ शांत. झोपलं असेल.

एक मीटर.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी. सकाळ

रथसप्तमी. शेवटचा दिवस.

दार बंद आहे. दाराखालून नाही आलं. फरशीतून — मधूनच — स्वच्छ पाणी, चहाच्या रंगाचं. घोट्यापर्यंत. थंड नाही. गोटे आहेत तळाला. माझ्या स्वयंपाकघरात गोटे.

खुर्चीवर पाय घेऊन बसले. हृषीचा फोन लागत नाही.

दहा वाजता

प्रेस उघडा आहे. खण नाही.

कुणी दिसत नाही. पाणी फक्त — टेबलाला वळसा घालून येतंय. माझ्याकडे.

काही दिलं नाही मी. काहीही घेणार नाही. घेणार नाही. बाळा, हल ना. एकदा हल.

साडेदहा

पदर नाही माझ्या अंगावर, झगा आहे. तरी मांडी जड झाली. बघितलं तर — हिरवा खण. सुपारी. तांदूळ, ओले. एक ओंजळ. बघता बघता दुसरी. मी हात नाही पुढे केला. झटकते, पुन्हा तेवढेच. तिसरी. चौथी —

ती पाहुणी म्हणून नाही आली. मी सात महिन्यांची. माझीच ओटी भरायला —

पाच.

भरून झाली. पाणी थांबलंय. वाट बघतंय.

परत द्यायचं असतं त्यातलं. मीच शिकवलं तिला. मोठ्याने. हसत —

तांदूळ देते. चार दाणे, हे घे. सगळे घे. नारळ घे बाई — नको म्हणते. तांदूळ तरंगत परत येतात. तिला ते नकोत. ओटीत दुसरं काय आहे माझ्या, एकच तर —

हललं. बाळ हललं. पण वर नाही, खाली, फार खाली —

नाही बाई. ते नाही. ते नाही परत —